अमेरिकॉर्प्स: समाजसेवेच्या तासांतून कॉलेजची फी कशी निघते

अमेरिकेत वाढणारी आपली मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली, की घरोघरी वह्या-कॅल्क्युलेटर बाहेर निघतात. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची ट्यूशन आणि फी सरासरी ११,६१० डॉलर होती, खासगी कॉलेजांची ४३,३५० डॉलर. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळाच. मग शिष्यवृत्त्यांचा शोध सुरू होतो, लोनचे व्याजदर बघितले जातात, मुलाच्या शिक्षणासाठी काढलेल्या ५२९ बचत खात्यात किती साठलंय ते पुन्हा एकदा मोजलं जातं. एका पर्यायाचा विषय मात्र मराठी घरांत फारसा निघत नाही: काही महिने समाजसेवेचं काम करायचं आणि त्या बदल्यात केंद्र सरकारकडून शिक्षणासाठी पैसे घ्यायचे. या योजनेचं नाव अमेरिकॉर्प्स.

हा विषय का निघत नाही, ते मला कळतं. ‘वर्ष वाया जाईल’ ही धास्ती आपल्या पिढीच्या हाडीमासी खिळलेली आहे. शिवाय आपण समाजसेवा पाहिली ती एनएसएसची. दोन वर्षांत २४० तास, एखाद्या गावात सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, शेवटी प्रमाणपत्र. अशा कामातून फी भरता येईल हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं. अमेरिकॉर्प्समध्ये कामाचा तास न् तास नोंदवला जातो आणि ठरलेले तास भरले की ठरलेली रक्कम नावावर जमा होते. तिच्याकडे शिष्यवृत्ती म्हणून बघू नये. दोन्ही बाजूंनी पाळायचा तो करार आहे, आणि अटी नीट वाचून त्यात उतरणाऱ्या मुलाचं भलं होतं, असं माझं ठाम मत आहे. अटी न वाचता उतरणाऱ्याला पुढे कराचा किंवा अपुऱ्या तासांचा फटका बसतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

योजना आली कुठून

देशासाठी काम करा, देश तुमच्या शिक्षणाचा खर्च उचलेल, हा विचार अमेरिकेत जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ साली जीआय बिल आलं आणि लाखो तरुण त्या पैशांवर कॉलेजात गेले. पुढे १९६५ मध्ये गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा भाग म्हणून व्हिस्टा ही स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. १९८८ मध्ये बॉस्टनमध्ये सिटी इयर ही संस्था निघाली. तिथे तरुण मुलं एक वर्ष शहरासाठी देत. या सगळ्या धाग्यांना एकत्र आणणारा कायदा बिल क्लिंटन यांनी सप्टेंबर १९९३ मध्ये सही करून आणला आणि १९९४ मध्ये अमेरिकॉर्प्सची पहिली तुकडी कामाला लागली.

त्या वेळी पूर्णवेळ सेवेची शिक्षणरक्कम ४,७२५ डॉलर ठरली, आणि ती तिथेच अडकली. कॉलेजच्या फिया चढत राहिल्या, ही रक्कम पंधरा वर्षं तसूभर हलली नाही. २००९ मध्ये ओबामांनी सही केलेल्या एडवर्ड केनेडी सर्व्ह अमेरिका कायद्याने ती पेल ग्रँटच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार देतं त्या अनुदानाच्या, कमाल रकमेशी बांधली. पेल वाढलं की हीसुद्धा वाढणार. अमेरिकॉर्प्स चालवणाऱ्या सरकारी संस्थेचे पहिले प्रमुख ईलाय सीगल यांच्या नावाने आज ही रक्कम ‘सीगल अमेरिकॉर्प्स एज्युकेशन अवॉर्ड’ म्हणून ओळखली जाते. अलीकडच्या वर्षांत पेलची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे, त्यामुळे पूर्णवेळ सेवेचं अवॉर्डही तेवढंच.

७,३९५ म्हणजे किती? दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजची सरासरी वार्षिक ट्यूशन २०२४-२५ मध्ये ४,०५० डॉलर होती, म्हणजे तिथली जवळजवळ पावणेदोन वर्षांची ट्यूशन यातून निघते. राज्यातल्या सरकारी विद्यापीठात मात्र एका वर्षाच्या ट्यूशनचा साधारण दोन तृतीयांश भाग. खासगी कॉलेजात सहावा हिस्सा. चार वर्षांचं कॉलेज यातून होईल अशी आशा कुणी दाखवत असेल, तर त्याचं ऐकू नका.

आधी व्हिसा बघा

आपल्या समाजात ही पहिली गाळणी. अमेरिकॉर्प्ससाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. इथे जन्मलेल्या मुलांचा प्रश्न नाही. पण आईवडिलांच्या एच-१बीवर अवलंबून एच-४वर आलेली मुलं, मग ती तिसरीपासून इथल्या शाळेत शिकलेली का असेनात, यात बसत नाहीत. एफ-१वर आलेले विद्यार्थीही नाहीत. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या कुटुंबांसाठी ही गोष्ट बोचणारी आहे, आणि ती अन्यायाची आहे असंच मला वाटतं. पण अर्ज भरण्याआधी माहीत असलेली बरी.

वयाची अट शाखेप्रमाणे बदलते. अमेरिकॉर्प्सच्या मुख्य शाखा तीन. ‘स्टेट अँड नॅशनल’ ही सर्वांत मोठी. यात स्थानिक संस्था मुलांना घेतात, वय साधारणपणे १७ पूर्ण आणि वरची मर्यादा नाही. व्हिस्टामध्ये १८ पूर्ण लागतात आणि तिथलं काम गरिबीवर काम करणाऱ्या संस्थांची घडी बसवण्याचं: निधी उभारणं, स्वयंसेवक जमवणं, व्यवस्था लावणं. तिसरी एनसीसीसी, १८ ते २६ वयोगटासाठी. यात तुकडीने राहायचं, गावोगाव फिरायचं, वादळानंतरची साफसफाई, वणव्याआधीची जंगलकामं, घरबांधणी असलं अंगमेहनतीचं काम करायचं, आणि राहणं-जेवण सरकारी. तिन्ही ठिकाणी गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होतेच.

तासांचा हिशोब

पूर्णवेळ म्हणजे १,७०० तास. दहा-अकरा महिन्यांत ते भरायचे म्हटले तर आठवड्याला चाळीसच्या आसपास येतात. ज्यांना कॉलेज सांभाळून करायचं आहे त्यांच्यासाठी छोटे टप्पे आहेत: ९०० तासांना निम्मी रक्कम, ३,६९७ डॉलर ५० सेंट, खाली ४५० तास आणि ३०० तासांचेही टप्पे आहेत. उन्हाळी सुट्टीत ३०० तास भरून दीड हजार डॉलरच्या वर रक्कम मिळते, आणि कॉलेजातल्या मुलांना मी हा पर्याय आवर्जून बघायला सांगते, कारण त्यात वर्ष थांबावं लागत नाही. आयुष्यात एकूण दोन पूर्ण अवॉर्डांच्या किमतीएवढंच मिळवता येतं.

कुठला तास धरायचा आणि कुठला नाही, याचे नियम कडक आहेत. घर ते कामाची जागा हा प्रवास धरत नाहीत. नोंदणीच्या आधी केलेलं काम धरत नाहीत, म्हणजे हायस्कूल पूर्ण करण्यासाठी लागणारे सेवेचे तास इथे उपयोगाचे नाहीत. प्रशिक्षण धरतात, पण प्रमाणात. या तासांत राजकीय प्रचार चालत नाही, धर्मोपदेश चालत नाही, आणि पगारी माणसाला काढून त्याच्या जागी स्वयंसेवक बसवता येत नाही.

प्रत्यक्ष काम कसं दिसतं? मिनेसोटात २००३ मध्ये सुरू झालेल्या रीडिंग कॉर्प्सचं उदाहरण घेऊ. प्राथमिक शाळेत एक छोटं टेबल, दोन खुर्च्या. वाचनात मागे पडलेलं पहिली-दुसरी-तिसरीतलं एक मूल आणि समोर अमेरिकॉर्प्सचा स्वयंसेवक. रोज वीस मिनिटं, एका वेळी एकच मूल. प्रगती तपासायची असते तेव्हा मूल छापील उतारा मोठ्याने वाचतं, स्वयंसेवक आपल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ मारतो, मिनिट संपलं की जिथे पोचलं तिथे खूण करतो. बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, आलेखावर ठिपका द्यायचा. आठवड्यांमागून आठवडे तो ठिपका वर सरकताना बघायचा, आणि सरकत नसेल तर पद्धत बदलायची. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या शिकण्याची अशी जबाबदारी क्वचितच मिळते. पुढे शिक्षण, मानसशास्त्र, वैद्यक, अगदी डेटाच्या क्षेत्रात जाणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो, हे मी ठामपणे सांगेन.

कामाच्या काळात खर्चाला राहणीभत्ता मिळतो. त्याला पगार म्हणत नाहीत आणि तो पगाराएवढा नसतोच. पूर्णवेळ ‘स्टेट अँड नॅशनल’साठी किमान भत्ता अलीकडे वर्षाला १८ ते २० हजार डॉलरच्या घरात आहे, संस्था त्याहून जास्त देऊ शकते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात एवढ्यावर स्वतंत्र खोली घेऊन राहणं जवळपास अशक्य. घरी राहून काम करण्याची सोय असेल तर गणित जमतं, आणि इथे आपल्या कुटुंबांची जमेची बाजू आहे: अठराव्या वर्षी मुलाने घराबाहेर पडलंच पाहिजे असा आपल्याकडे दंडक नाही.

पैसे हातात येत नाहीत

यावरून बराच गोंधळ होतो. तास पूर्ण झाल्याचं संस्थेने प्रमाणित केलं की रक्कम नॅशनल सर्व्हिस ट्रस्ट या सरकारी निधीत तुमच्या नावावर दिसू लागते. ती बँक खात्यात येत नाही. ठरावीक दुकानातच चालणाऱ्या कूपनासारखी तिची तऱ्हा. ऑनलाइन खात्यातून तुम्ही कॉलेजचं नाव आणि रक्कम घालून मागणी करायची, कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस ती मान्य करतं आणि ट्रस्ट थेट कॉलेजला पैसे पाठवतो. चालू शिक्षणाचा खर्च किंवा केंद्र सरकारची विद्यार्थी कर्जं, या दोन्हींसाठी ती वापरता येते. खासगी बँकेचं शैक्षणिक कर्ज त्यातून फेडता येत नाही. आईवडिलांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं पॅरेंट प्लस लोनही नाही. वापरायला सेवा संपल्यापासून सात वर्षं मिळतात.

ज्यांच्यावर आधीच केंद्र सरकारचं कर्ज आहे, त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. सेवेच्या काळात हप्ते थांबवून घेता येतात, आणि सेवा यशस्वीपणे पूर्ण केली की त्या काळात साचलेलं व्याज ट्रस्ट भरतो. हप्ते थांबवण्यासाठी अर्ज मात्र आपणच करायचा असतो. ते आपोआप होत नाही.

आता कर. हे अवॉर्ड केंद्राच्या आयकरासाठी उत्पन्न धरलं जातं, आणि ते मिळवलं त्या वर्षी नव्हे तर वापरलं त्या वर्षी. आधी काही कापून घेत नाहीत. जानेवारीत उत्पन्नाची नोंद असलेला १०९९ फॉर्म येतो आणि मुलगा विचारतो, ‘आई, मला तर एक पैसा मिळाला नाही, मग हे उत्पन्न कसलं?’ १२ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याने सगळे ७,३९५ डॉलर एकाच वर्षात वापरले, तर त्यावरचा कर ८८७ डॉलरच्या आसपास जातो. तो खिशातून भरायचा. उपाय सोपा आहे: रक्कम दोन कॅलेंडर वर्षांत विभागून वापरा. फॉलच्या बिलासाठी थोडी, आणि स्प्रिंगच्या बिलाची जानेवारीत. ज्या वर्षी मुलाचं बाकी उत्पन्न कमी आहे, त्या वर्षी जास्त वापरा. व्याजाची जी रक्कम ट्रस्ट भरतो, तीही अशीच करपात्र असते.

फाफसा, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरताना करपात्र उत्पन्नात आलेली ही रक्कम वेगळी दाखवण्यासाठी एक स्वतंत्र प्रश्न असतो. तो रिकामा सोडू नका. तिथे आकडा भरला की मदतीची गरज ठरवताना ही रक्कम उत्पन्नातून वजा होते. रिकामा सोडला तर मुलगा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कागदावर सधन दिसतो आणि मदत कमी होते.

मध्येच सुटलं तर

करार अर्धवट सोडण्याच्या बाबतीत नियम निष्ठुर आहे. अधिक चांगली नोकरी मिळाली, कॉलेज सुरू करायचं आहे, कामाचा कंटाळा आला, ही कारणं चालत नाहीत. सोडलं की अवॉर्डचा एक डॉलरही नाही, मग १,५०० तास का भरलेले असेनात. गंभीर आजारपण, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, किंवा संस्थेचा प्रकल्पच बंद पडणं अशी आपल्या हाताबाहेरची कारणं असतील, आणि निदान १५ टक्के तास झालेले असतील, तर झालेल्या तासांच्या प्रमाणात रक्कम मिळते.

प्रकल्प बंद पडण्याची अट एरवी कुणी वाचतही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती हजारो मुलांच्या वाट्याला आली. केंद्र सरकारने अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं अचानक रद्द केली आणि एनसीसीसीच्या मुलांना मुदतीआधीच घरी पाठवलं. अनेक राज्यं कोर्टात गेली आणि जूनमध्ये मेरिलँडमधल्या केंद्रीय न्यायाधीशांनी दावा करणाऱ्या राज्यांमधली अनुदानं पूर्ववत करायचा आदेश दिला. सरळ मनाने एक वर्ष द्यायला निघालेल्या मुलांना असं अर्ध्या वाटेत थांबवणं मला मनापासून लागलं. म्हणून आता मुलाखतीला जाल तेव्हा संस्थेला स्पष्ट विचारा: अनुदान कुठल्या महिन्यापर्यंत मंजूर आहे, राज्याचा किंवा देणग्यांचा काही आधार आहे का, आणि मागच्या वर्षी सुरुवात केलेल्यांपैकी किती जणांनी तास पूर्ण केले. असे प्रश्न विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगली संस्था त्यांची उत्तरं आनंदाने देते.

राज्यांनी उघडलेले दरवाजे

काही राज्यांनी स्वतःची भर घातली आहे आणि ती मला केंद्राच्या योजनेपेक्षाही आपल्या मुलांसाठी सोयीची वाटते. कॅलिफोर्नियात २०२२ च्या फॉलपासून कॉलेज कॉर्प्स सुरू आहे. कॉलेजात शिकता शिकता वर्षात ४५० तास शाळा, हवामान किंवा अन्नवाटपाचं काम करायचं; त्याचे १०,००० डॉलर, पैकी ७,००० भत्ता म्हणून आणि ३,००० शिक्षणरक्कम म्हणून. चाळीसहून अधिक कॅम्पसवर हे चालतं आणि ड्रीम ॲक्टखाली (कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठीचा राज्याचा कायदा) पात्र असलेल्या काही विद्यार्थ्यांनाही घेतात, त्यामुळे व्हिसाच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबांनी आपल्या कॅम्पसवर चौकशी जरूर करावी.

मेरिलँडमध्ये २०२३ पासून गव्हर्नर वेस मूर यांनी हायस्कूल नुकतंच संपवलेल्या मुलांसाठी सेवावर्ष आणलं. तासाला किमान १५ डॉलर आणि वर्ष पूर्ण केल्यावर ६,००० डॉलर. कॅलिफोर्निया कॉन्झर्व्हेशन कॉर्प्स तर १९७६ पासून आहे, १८ ते २५ वयासाठी. आपलं ब्रीद ते अभिमानाने सांगतात, त्याचा अर्थ साधारण असा: भरपूर कष्ट, कमी पगार, भयंकर हाल, आणि वर बरंच काही. रानात पायवाटा दुरुस्त करायला, पुराच्या वेळी वाळूची पोती भरायला ज्याचे हात शिवशिवतात त्याच्यासाठी यासारखी जागा नाही.

कॉलेजात असतानाच करण्यासारखं आणखी एक आहे. विद्यार्थ्यांना अर्धवेळ कामाचे पैसे देणाऱ्या फेडरल वर्क-स्टडी योजनेचे निदान ७ टक्के पैसे कॉलेजांना समाजसेवेच्या कामांवर खर्चावेच लागतात. लायब्ररीच्या काउंटरऐवजी शेजारच्या शाळेत वाचन शिकवण्याचं काम आहे का, हे एड ऑफिसला विचारायचं असतं. विचारल्याशिवाय ते सहसा कुणी सांगत नाही.

मग थांबावं का वर्षभर?

ज्याला कुठल्या विषयात जायचं ते ठरत नाही, जो शाळेच्या चरकातून थकून बाहेर पडला आहे, ज्याला कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात करायची आहे, त्याने निःशंक विचार करावा. ज्याला मोठी मेरिट स्कॉलरशिप मिळाली आहे, त्याने आधी कॉलेजकडून लेखी घ्यावं की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला तर ती स्कॉलरशिप तशीच राहील. प्रवेश राखून ठेवला जातो आणि पैसे मात्र जातात, असं होऊ शकतं. वर्षाला दहा हजारांची स्कॉलरशिप घालवून सात हजारांचं अवॉर्ड मिळवण्यात काही अर्थ नाही. उलट काही कॉलेजं सीगल अवॉर्ड आणणाऱ्याला स्वतःच्या खिशातून तेवढीच रक्कम किंवा जादा क्रेडिट देतात. प्रवेशाच्या चिठ्ठ्या आल्यावर त्यांच्या वेबसाइटवर हे शोधायला दहा मिनिटं पुरतात.

पूर्णवेळ जागा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात आणि वसंतात भरायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये अर्ज केलेला बरा.

आता आजी-आजोबांकडे वळू, कारण या योजनेतली आपल्या घरांना सर्वांत उपयोगी पडणारी तरतूद तिथे आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. सेवा सुरू करताना ज्याचं वय ५५ किंवा जास्त आहे, असा ‘स्टेट अँड नॅशनल’मधला स्वयंसेवक आपलं अवॉर्ड मुलाच्या किंवा नातवंडाच्या नावावर करू शकतो. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेले कितीतरी आजी-आजोबा इथे आहेत. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली आजी, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, दिवसभर घरात एकटे. जवळच्या शाळेत गणित शिकवायला अर्धवेळ जागा मिळाली आणि ९०० तास भरले, तर नातीच्या कॉलेजसाठी ३,६९७ डॉलर जमा होतात. नातही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवी. एका अवॉर्डची रक्कम एकाच व्यक्तीला देता येते, दोन नातवंडांत वाटता येत नाही. दिलेली रक्कम वापरली गेलेली नसेल तोपर्यंत परतही घेता येते. आणि वापरायला सातऐवजी दहा वर्षं मिळतात, म्हणजे नात आज सहावी-सातवीत असली तरी चालतं.

अर्जाचा फॉर्म इंग्रजीतच आहे, आणि तो भरायला बसताना नातीला शेजारी बसवावं.